देवानंद सरांनी काढलेली इमेज

देवानंद सरांनी शाळेच्या संगणकापुढे बसून बाह्या सारल्या आणि जाहीर केलं, "दुपारच्या सुट्टीपर्यंत डिस्क उठवतो."

तो सोमवार होता. डिस्क उठली गुरुवारी.

मोखाड्याच्या पुढे डोंगरातल्या त्या शाळेत संगणकाचं काही बिघडलं की ते सरांकडेच यायचं. या वेळचं दुखणं मात्र साधं नव्हतं. त्या डिस्कवर गौराबाईची गाणी होती. गौराबाई पाड्यावरची धवलेरी, म्हणजे गाणी म्हणत लग्नं लावणारी. तिची आणि तिची थोरली बहीण फागीबाई हिची गाणी सरांनी दोन वर्षांपूर्वी रेकॉर्ड केली होती. फागीबाई गेल्या शिमग्याला वारली. तिचा आवाज आता फक्त त्या डिस्कमध्ये होता, आणि पडद्यावर येत होतं: ही डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

"विचारतोय तर हो म्हणा," म्हणत मुख्याध्यापक सुदर्शन सरांनी माउसकडे हात नेला.

देवानंद सरांनी माउस उचलून छातीशी धरला. "हो म्हटलं की गाणी गेली, सर. आजारी डिस्कला हात लावायचा नाही. आधी तिची इमेज काढायची, मग काय ते इमेजवर करायचं."

यातलं 'इमेज काढायची' एवढंच खिचडी शिजवणाऱ्या नवशीने ऐकलं आणि पाड्यावर पोचवलं. मंगळवारी सकाळी गौराबाई नवं लुगडं नेसून, केसांत फुलं माळून व्हरांड्यात हजर.

"फोटू काढायचा ना, गुरुजी?"

"फोटो नाही, बाई. डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची आहे."

गौराबाईने ते नीट ऐकून घेतलं. "मंग माजा कदी?"

सरांनी मोबाइलवर तिचा फोटो काढला.

तिकडे नक्कल चार जीबीवर येऊन अडली होती. नक्कल साठवायला शाळेतल्याच मंजुषा मॅडमनी आपली डिस्क दिली होती. जागा कमी पडत असेल म्हणून सरांनी मॅडमना विचारून तिच्यावरचे सिनेमे पुसले. पुन्हा चारवरच अडली. मग मालिका पुसल्या, मग बीएडच्या नोट्स. तरी चारच. संध्याकाळी कुठेतरी वाचताना सरांना उलगडा झाला: मॅडमची डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. तिच्यावर चार जीबीहून मोठी फाइल मावतच नाही, मग ती पूर्ण रिकामी का असेना.

"म्हणजे आता ती सगळीच पुसायची?" मॅडमनी मुलीच्या बारशाचे व्हिडिओ लॅपटॉपवर घेत विचारलं.

"हो."

"मग दिवसभर एकेक विचारून का पुसत होतात?"

सरांनी आजारी डिस्कची वायर काढून ठेवली, म्हणजे चुकून तीच पुसली जायला नको, आणि मॅडमची डिस्क नव्याने फॉरमॅट केली.

बुधवारी एकसष्ट टक्क्यांवर लाईट गेली. सर मोटरसायकलवरून घरी गेले, इन्व्हर्टर आणि बॅटरी मागे बांधून घेऊन आले आणि शून्यापासून बसले. घरी पंखा बंद पडल्याचे बायकोचे तीन फोन आले. सरांनी ते घेतले नाहीत. गुरुवारी सकाळी टक्क्यांचा आकडा एकाच जागी तासभर हलेना. डिस्कचा तेवढा तुकडा खराब झाला होता. तो वगळून पुढे जायला संगणकाला सांगितल्यावर दुपारी इमेज पुरी झाली. तिच्यावर दुरुस्ती चालवली, आणि एकेक फोल्डर वर आला.

गौराबाईला बोलावणं गेलं. सगळे संगणकाभोवती जमले. सरांनी फाइल लावली.

"नमस्कार," सरांचाच आवाज आला. "आज आपण एका अमूल्य ठेव्याची नोंद करीत आहोत."

नोंद चालली. लोकसंस्कृतीचं महत्त्व झालं. मुख्याध्यापकांचे आभार झाले. शाळेची वाटचाल झाली. अकरा मिनिटं गेली. देवानंद सर माउसच्या वायरची गुंडाळी करत राहिले. बाराव्या मिनिटाला एक घोगरा आवाज मध्येच म्हणाला, "गुरुजी, तुमचा झाला असंल तं आमी म्हणू का?"

फागीबाई.

गौराबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते कुणाला कळलं नाही. मग दोघींचं गाणं सुरू झालं, आणि संपेपर्यंत कुणी हललं नाही.

"परत लावा," गौराबाई म्हणाली.

"गाणं?"

"नाय. ती बोलली तां."

सरांनी फाइल मागे घेतली. ती नेमकी जागा सापडेना, म्हणून सुरुवातीपासूनच लावली.

"नमस्कार," संगणक म्हणाला. सुदर्शन सर घड्याळ बघत वर्गावर निघून गेले.