तिसरी कोळंबी

शांततेलाही वजन असते, हे शांतारामभाऊ राऊतांना त्या रविवारी सकाळी कळले. त्यांच्या हातातल्या चहाच्या गाळणीतून खारे पाणी फरशीवर टपटपत होते, आणि त्यांचा मुलगा मितेश मत्स्यालयाच्या काचेवर बोट टेकवून पुन्हा पुन्हा कोळंब्या मोजत होता. एक. दोन. तीन! चार दिवस बाहेर गेलेल्या माणसाच्या घरातून काही नाहीसे झाले, तर ओरडायला शब्द तरी सापडतात. वाढले तर काय म्हणून ओरडावे?

"मी दोन ठेवून गेलो होतो," अखेर मितेश म्हणाला.

"निदान कमी तरी झाल्या नाहीत!" सुनेने, चारुताने, बॅग खाली ठेवता ठेवता बाजू सावरून पाहिली.

भाऊंना काही बोलायचे, तर बुधवारपासून बोलावे लागणार होते.

बुधवारी दोघे लग्नाला नाशिकला निघाले, तेव्हा मितेशने अकरा सूचनांचा कागद टाकीवर चिकटवला होता. शिरगावची वाडी धाकट्या भावाच्या हाती देऊन शांतारामभाऊ बोईसरच्या या तिसऱ्या मजल्यावर आले, त्याला आठ महिने झाले होते. एवढ्या दिवसांत या घराने त्यांना जेवण दिले, गादी दिली, मान दिला. काम मात्र कधी दिले नव्हते. हे पहिलेच!

"अरे, भरतीचं पाणी ज्याच्या अंगणाला लागायचं, त्याला तू कोळंबी शिकवतोस?" भाऊ गरजले होते. "खुशाल जा! परत याल तेव्हा त्या तुम्हाला ओळखसुद्धा देणार नाहीत!"

त्या दोन कोळंब्या खाण्यातल्या नव्हेत, सफाईवाल्या. तांबडे अंग, पाठीवर पांढरा पट्टा, लांब पांढऱ्या मिश्या; लग्नाच्या बँडमधून थेट पाण्यात उतरल्यासारख्या! मासा समोर येऊन आ वासतो आणि या त्याच्या दातांपासून कल्ल्यांपर्यंत सगळे टिपून स्वच्छ करतात.

सूचना चौथी : पाण्यात हात घालू नये. भाऊंनी तो त्याच संध्याकाळी घातला. एक कोळंबी डौलात आली आणि त्यांच्या नखाच्या कडा कोरू लागली. त्या हलक्या, हुळहुळणाऱ्या स्पर्शाने साठ वर्षे पाण्यासारखी बाजूला सरली. शिरगावच्या किल्ल्यामागे ओहोटी लागलेली आहे, आई वाकून शिंपल्या वेचते आहे, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या पोराच्या पायांना करंदी, ती चिमुकली कोळंबी, गुदगुल्या करते आहे. "हलू नको रे, तिला भूक हाय," आई म्हणते आहे. भाऊ हलले नाहीत. चहा उतू जाऊन शेगडी विझली, तरी हलले नाहीत!

गुरुवारी सकाळी एक कोळंबी तळाशी आडवी पडली होती. निश्चल, फिकट, मिश्यांसकट. भाऊंनी बोट नाकाशी नेले. आदल्या दिवशी बोटाला गुडघ्याचा बाम होता! आपणच मारली. मुलाने पहिल्यांदा काही विश्वासाने हातात दिले, आणि आपण ते एका रात्रीत संपवले.

त्यांनी तिला गॅलरीतल्या कढीपत्त्याखाली पुरले, वर जास्वंदीचे फूल ठेवले आणि दुधाची किटली घेऊन तडक शिरगाव गाठले. किनाऱ्यावर काशीबाई जाळे निवडत बसली होती. चौथीपर्यंत दोघे एकाच वर्गात होती.

"जित्ती पायजे? आन एकच?" काशीबाई हसली. "एका कोलंबीचा रस्सा? बोईसरला जाऊन लय गरीब झालास रे!"

"खायची नाही गं, ठेवायची आहे. तांबडं अंग हवं, पाठीवर पांढरा पट्टा, मिश्या पांढऱ्या…"

"कोलंबी बघतंस का जावई?"

शेवटी तिने एक राखाडी कोळंबी किटलीत सोडली. "मिश्या हायत. पट्टा नाय. चालवून घे!" भाऊ त्यानंतरही तासभर उगाचच वाळूवर बसून राहिले. घरी कोणी वाट पाहत नव्हते, आणि इथे सगळेच पाहत असल्यासारखे वाटत होते.

पालघरहून दुपारच्या गाडीत बसले. उमरोळीला एक गृहस्थ शेजारी येऊन बसले.

"दूध का?"

"हो."

किटलीचे झाकण टण्‌कन उडाले. गृहस्थ बोईसरपर्यंत दुसऱ्या बाकावर बसले!

नव्या कोळंबीला धंद्याचा गंध नव्हता. टाकीतला मासा सवयीने तिच्यापुढे आ वासून उभा राहिला. तिने त्याला असा चिमटा काढला की तो दोन दिवस तोंड मिटून होता. आणि रविवारी, मुलगा-सून यायच्या पाच मिनिटे आधी, दगडामागून आपली 'दिवंगत' कोळंबी बाहेर आली. पूर्वीपेक्षा तांबडी, झळझळीत! पाहुणीला पकडायला भाऊंनी गाळणी उचलली, आणि बेल वाजली.

हे सगळे ऐकून मितेशने कढीपत्त्याची माती उकरली. हातात आले पोकळ, पारदर्शक कवच.

"बाबा, ही कात आहे! महिन्याभरात एकदा टाकतात. मग अंग मऊ असतं, म्हणून दोन-तीन दिवस लपून बसतात."

"अकरा सूचना लिहिल्यास, ही बारावी कोण लिहिणार?" भाऊ उसळले.

चारुता आधी हसली, मग मितेश. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "म्हणजे मला कळू नये म्हणून पार शिरगावहून दुसरी आणलीत!"

आणि हसता हसताच तो हळूहळू थांबत गेला.

"बाबा, मी दुसरीत असताना आपल्या ओटीवर लोणच्याच्या बरणीत एक करंदी होती. तुम्ही खाडीतून आणून दिली होती. वर्षभर जगली. मी शाळेत सगळ्यांना सांगायचो, बाई पण बघायला आल्या होत्या. तिच्यामुळेच तर मला हा नाद लागला." त्याने बापाच्या हातातल्या गाळणीकडे पाहिले. "ती… एकच होती ना?"

शांतारामभाऊंनी गाळणी नळाखाली धरली. एकदा धुतली, पुन्हा धुतली, झटकून खिळ्याला अडकवली, आणि धोतराला हात पुसत ते गॅलरीत निघून गेले.