पानग्यांवरचा दगड

देवळीतल्या बंडूजी कापडवाल्यांना दोन गोष्टींचा गर्व होता. लेक मयुरी नागपुरात भूशास्त्रात एमएस्सी करते याचा, आणि आपल्या हातच्या पानग्यांचा. त्यातही पानगे थोडे वरचढच.

त्या रविवारी मयुरी घरी आली ती एक चपटा दगड घेऊन. चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीबाहेर सापडलेला. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा पुसट ठसा होता, जीवाश्म. पानाला मधली शीर असेल तर ते ग्लॉसोप्टेरिस, नसेल तर गंगामोप्टेरिस. नेमकं मधोमधच खरचटलेलं होतं. उद्या कॉलेजातल्या मॅडमना उत्तर द्यायचं होतं, नाहीतर प्रकल्प दुसऱ्या कुणाकडे जाणार होता. मयुरीने दगड धुऊन मागच्या अंगणात वाळत ठेवला आणि ती आंघोळीला गेली.

अंगणात बंडूजी पळसाच्या दोन-दोन पानांत थापलेले कणकेचे पानगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर मांडत होते. वारा सुटला, पानं उडू लागली. वजन हवं होतं आणि शेजारी छान धुतलेला सपाट दगड तयारच होता. बायकोने आपल्यासाठीच काढून ठेवला असं वाटून ते जरा गहिवरलेही.

थोड्या वेळाने तडकल्याचा आवाज झाला. मयुरी ओल्या केसांनी धावत आली.

"बाबा, माहा दगड कुठी हाय?"

"हा? वजनाले ठेवला."

तिने चिमट्याने दगड ओढला. वरचा पापुद्रा ठशासकट निसटला आणि निखाऱ्यांत पडून त्याचा चुरा झाला. मयुरी चिमट्याने तो चुरा चाळू लागली.

"आता म्याडमले काय दाखवू?"

आवाज ऐकून देवकाबाई बाहेर आल्या. "तुमाले पोरीचाच दगड भेटला काऊन?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मले काय मालूम? नाव लिवलं होतं का त्याच्यावर?"

देवकाबाईंनी उरलेला तुकडा पदराने पुसला आणि त्या थबकल्या. "मयुरे, इकडं ये. आत अजून एक पान हाय."

अख्खं पान होतं. देठापासून टोकापर्यंत केसासारख्या शिरांची जाळी, आणि मधली शीर नाही.

"गंगामोप्टेरिस," मयुरी देवळात बोलावं तसं हळू म्हणाली. "पंचवीस कोटी वर्सांच्या वर झाले याले. तवा फुलं नव्हते, पाखरं नव्हते."

"मंग याले आतापावतर कोणी पाह्यलं?"

"कोणीच नाई, आई. आपण पहिले."

देवकाबाईंच्या अंगावर काटा आला. जन्मभर कापड पारखलेले बंडूजी डोळे अगदी जवळ नेऊन म्हणाले, "एवढी बारीक वीण, अन् कुठी एक धागा सुटला नाई."

मयुरीने फोटो पाठवताच मॅडमचा फोन आला. प्रकल्प तिचाच राहिला. "पण दगड इतका अलगद उघडलास कसा?"

मयुरीने वडिलांकडे पाहिलं. "घरची पद्धत आहे, मॅडम."

तिघं पुन्हा पानावर वाकले. किती वेळ गेला, कुणाला कळलं नाही. मग जळका वास आला. सगळ्या पानग्यांचा कोळसा झाला होता. बंडूजींच्या हातून असं कधीच घडलं नव्हतं, तरी ते चिडले नाहीत. एक काळा पानगा चिमट्यात धरून त्यांनी उन्हात फिरवून पाहिला. पळसाचं पान त्यावर शिरेनिशी उमटलं होतं. त्यांनी तो जपून लेकीपुढे धरला.

"हे बी ठेवून दे. पन वेगळ्या डब्यात ठेवजो. याले मधात शीर हाय."