नातेवाईक वगळून

चूक तुमची आहे, साहेब. आकारामची नाही, शालूबाईची नाही आणि त्या चंदगडच्या पाहुण्याची तर अजिबात नाही. घरातल्या खोल्या भाड्याने देणाऱ्यांसाठी तुम्ही नियम काढलात. येईल त्याचं ओळखपत्र बघा, फोटो काढा, मोबाइलवरून आमच्याकडे पाठवा, नाहीतर परवाना रद्द. इथवर ठीक. पण शेवटी तुम्ही लिहिलंत, 'नातेवाईक वगळून'. लिहिताना हात जरा तरी अडखळला का? अहो, कोल्हापूर जिल्ह्यात नातेवाईक नसलेला माणूस आणायचा कुठून? नीट चौकशी केली तर तुमचंही आमच्याशी काहीतरी निघेल, आणि ते दोघांनाही झेपणार नाही.

आकाराम दूध संघाचा टँकर चालवून रिटायर झाला आणि रंकाळ्यामागच्या घराच्या माडीवरच्या दोन खोल्या त्याने अंबाबाईला येणाऱ्यांसाठी काढल्या. नवरा-बायकोचं पोट त्या खोल्यांवर. परवान्याची मुदत संपत आलेली, आणि नवा मिळायच्या आधी तपासणी व्हायची होती. त्या धास्तीने आकाराम इतका बिथरला होता की पुण्याच्या एका आजोबांना त्याने दारातच दम भरला. "कार्डावर हसला न्हाईसा, मग हितं कशाला हसताय? तोंड बंद करा, फोटू जुळंना झालाय!"

अशात एका संध्याकाळी कृष्णात दारात उभा राहिला. पन्नाशीचा गडी, अंगावर इस्त्रीचा शर्ट, हातात काहीच नाही.

"पिशवी यष्टीत ऱ्हायली," तो म्हणाला. "पाकीट, मोबाइल, कार्ड, समदं तिच्यातच. यष्टी गेली सांगलीला. सकाळी डेपोत मिळंल म्हनत्यात. एक रात काढू द्या."

"कार्ड न्हाय तर खोली न्हाय," आकाराम म्हणाला. "माझा परवाना जाईल, पावणं. तुमी दुसरं बगा."

आतून त्याची बायको शालूबाई पदराला हात पुसत आली. दारातल्या माणसाला पाण्याचा तांब्या न देता परत पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. आणि तांब्या दिला की पुढचा प्रश्न आपोआप यायचाच.

"कुठलं म्हनायचं तुमी?"

"चंदगडचा, अक्का."

"चंदगडात कुनाच्यातलं?"

"काजूच्या फॅक्टरीमागं ऱ्हातो. आमच्या रुक्मामावशीच्या घराला लागून."

"कंची रुक्मा? गडहिंग्लजला लेक दिलेली?"

"व्हय की!"

"अगं बया!" शालूबाईने तांब्या खाली ठेवला. "अवो, रुक्माक्काची लेक म्हंजे आमच्या मामाची सून! माझी वहिनी! ह्यो वहिनीचा मावसभाऊ!"

"मग त्यात काय?" आकाराम म्हणाला.

"त्यात काय म्हंजे? वहिनीचा भाऊ तो माझा भाऊच की! या दादा, आत या. अवो, उभं काय ऱ्हायलाय? चटई घाला!"

आकारामच्या डोक्यात तुमचा नियम चमकला. नातेवाईक वगळून! म्हणजे कार्ड नको, फोटो नको, मोबाइलशी झटापट नको. तो मनातून सुखावला. पण भाड्याचा विषय काढायला त्याने तोंड उघडताच शालूबाईने असं बघितलं की त्याने तेच तोंड जांभई देऊन मिटलं. कृष्णात माडीवर गेला, आणि खाली मटणाचा रस्सा चुलीवर चढला.

रस्सा उकळायच्या आत तपासणी आली. तुम्हीच पाठवलेला अमरसिंह, उंचापुरा, मिशीला पीळ, काखेत फाईल.

"माडीवर कोन हाय?"

"साडू," आकाराम घाईने म्हणाला.

"भाऊ," त्याच वेळी शालूबाई म्हणाली.

अमरसिंहने फाईल उघडली. "एकच काय ते ठरवा. बिनकार्डाचं गिऱ्हाईक ठिवलंय आनि नातं जुळीवताय व्हय? असली लई घरं बगितल्यात मी. परवाना इसरा आता."

आकारामच्या पायाखालची फरशी सरकली. शालूबाई मात्र कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "खोटं बोलाय काय पडलंय आमाला? चंदगडच्या काजूच्या फॅक्टरीमागल्या रुक्माक्काचा भाचा हाय त्यो, कृष्णात. इचारा कुनालाबी!"

"चंदगड?" अमरसिंहची मिशी थबकली. "माझी सासुरवाडी हाय ती. आत्ता इचारतो." त्याने बायकोला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "वर्षा, तुमच्याकडं कृष्णात म्हनून कोन हाय काय? काजूच्या फॅक्टरीमागं?"

नाव ऐकून कृष्णात जिन्यावरून डोकावला. "कोन, वर्षाराणी? बाळ, मी काका!"

"काका!" फोन फाटायचा बाकी राहिला. "तुमी कोल्लापुरात? आनि अवो, तुमी आमच्या काकांची चौकशी करालाय? लाज वाटती का? पाया पडा आदी!"

"अगं, मी ड्युटीवर—"

"पडला का पाया?"

अमरसिंहने फाईल चटईवर ठेवली आणि वाकला. कृष्णातने त्याला उठवून निरखलं. "म्हंजे फेटा ढिला बांधला म्हनून मांडवातनं उठून गेलता, ते जावई तुमीच व्हय? मिशीमुळं वळखलं न्हाई."

"मग माझाबी जावईच की!" शालूबाई ओरडली. "बसा जावईबापू. रस्सा झालायच."

आता मला सांगा साहेब, ओळख याहून पक्की कशी पटवायची असते? तुमच्या माणसाने कार्ड बघितलं नाही, फोटो काढला नाही. बायकोला विचारलं. आणि तीन वाट्या रस्सा पिऊन, ढेकर देऊन, प्रामाणिकपणे अहवाल लिहिला. 'सदर घरी तपासणी केली. माडीवर राहणारे इसम नातेवाईक असल्याची खात्री पटली. मालक अत्यंत सज्जन.'

"परवाना आला म्हनून समजा, मामा," जाताना तो म्हणाला. आकाराम त्या रात्री घोरला, ते पार कोपऱ्यावर ऐकू गेलं.

पुढच्या आठवड्यात तुमचं पत्र आलं. 'तपासणीत आपल्या खोल्यांत नातेवाईक राहत असल्याचे सिद्ध झाले. सबब खोल्या घरगुती वापरात असून परवान्याची गरज उरत नाही. अर्ज निकाली.'

आकाराम धापा टाकत अमरसिंहकडे गेला. त्याने मान खाली घातली. "मामा, वाट एकच. तो इसम आपला कोनी लागत न्हाई, असं मामींनी सहीनिशी लिवून द्यायचं. मग मिळंल परवाना. म्हंजे बिनकार्डाचा परका ठिवला म्हनून आदी दंड, मग परवाना."

ऐकून शालूबाईने पेन खिडकीतून रस्त्यावर फेकलं. "खोल्या जाऊ द्यात. माझ्या भावाला कोन न्हाई म्हनून लिवू व्हय? आनि मग जावई कुनाचा? ज्यानं रस्सा वरपला त्यो?"

माडीला आज कुलूप आहे. अंबाबाईला आलेली माणसं दारावरची पाटी बघून वर बघतात, खिशातून कार्ड काढतात, आणि आकाराम त्यांना हात जोडून पुढच्या गल्लीत पाठवतो. बसल्या जागी झुरून त्याचा शर्ट सैल झालाय.

तेव्हा साहेब, मधलं काही सांगू नका. फाईल वर गेलीय, खाली आलीय, ते आम्हाला नको. बाईने परवान्यासाठी भाऊ नाकारायचा, की भावासाठी उपाशी बसायचं? तुमच्या बहिणीने काय लिहून दिलं असतं? बोला.