खो, नावासकट

सुलोचनाबाईंच्या संघात नुसतं 'खो' म्हणायची सोय नव्हती. पुढच्या मुलीच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "खो, शकुंतला!" तेही पूर्ण नाव. शकू म्हटलं की मैदानाला फेरी. एवढं लांबलचक नाव घेईपर्यंत पळणारी पोरगी पार दुसऱ्या टोकाला पोचायची आणि आम्ही दणकून हरायचो. पंच डोक्याला हात लावायचे. बाई मात्र ताठ. "हरू द्या. बिननावाच्या पोरी घेऊन जिंकून काय करायचं?"

कुंभार पिंपळगावात दिवसा बालवाडी आणि संध्याकाळी आमचा खो-खो, हाच त्यांचा संसार. घरी आम्हाला "ए पोरी"वर भागवत. मैदानावर आम्ही द्वारका, शकुंतला, नसीमबानू असायचो. नवी मुलगी आली की बाई तिचं नाव एकदाच विचारत आणि ते जन्मभर सांभाळत.

माझं लग्न वाटूरला ठरलं, तेव्हा बाईंनी परस्पर जाहीर केलं, "पाठराखीण म्हनून मी जानार." विधवा बाई नव्या नवरीसोबत कशी, अशी कुरकुर सुरू झाली. तोवर बाई पिशवी घेऊन टेम्पोत बसल्याही होत्या.

सासरी लक्ष्मीपूजन झालं. ताटात तांदूळ पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, 'अश्विनी'. बाया कौतुकानं वाकून बघत होत्या. बाईंनीही वाकून वाचलं.

"ही कोन?"

"आमची सून," सासूबाई म्हणाल्या.

"मंग मी द्वारकेला घेऊन आल्ते, ती कुठं गेली?"

आणि कोणी काही बोलायच्या आत बाईंनी त्याच तांदळात बोटानं 'द्वारका' लिहिलं. मी नवरीसारखी मान खाली घालून बसले होते, पण खरं सांगते, मला हसू दाबता येईना.

पाठराखीण एक-दोन दिवसांत परतते. बाई हलेचनात. सासूबाईंनी "अश्विनी" अशी हाक मारली की बाई मला हाताला धरून खाली बसवत. "तुला न्हाई बोलवून राह्यल्या." शेवटी सासूबाईंनी हात टेकले. "द्वारके, चहा टाक माय! न्हाईतर ही बाई जायची न्हाई."

बाईंनी तो चहा घेतला आणि पिशवी उचलली.

नवऱ्याला सांगून मी त्यांना फाट्यावर पोचवायला गेले. एसटीची वाट बघताना विचारलं, "बाई, सुलोचना हे माहेरचं नाव का सासरचं?"

"सासरचं. नवरा सालभरात गेला, नाव ठेवून गेला. माहेरी परत आले, तर आईबी सुलोचनाच म्हनाया लागली. पयलं गोदावरी होतं. ते मंग कोनीच घेतलं न्हाई."

एवढ्या मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक कशी मारायची? पण मारली.

"गोदावरी."

"ओ," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

एसटी येऊन थांबली. कंडक्टर घाई करत होता. बाई एक पाय पायरीवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"अजून एकदा घे," म्हणाल्या.