तुकोजीच्या ट्रकचा धूर

"गाडी पास होणार म्हणजे होणार! लिहून घे भिया!" तुकोजीनं सियागंजच्या बाजारातल्या चहाच्या टपरीवर छाती ठोकून सांगितलं, तेव्हा ऐकणाऱ्यांना ठसकाच लागला.

मध्य प्रदेश तेव्हा नवाकोरा होता आणि तुकोजीचा ट्रक जुनापुराणा. महूच्या लष्करी लिलावातला. मूळचं इंजिन केव्हाच बसलं होतं. त्याच्या जागी या पठ्ठ्यानं पिठाच्या गिरणीचं डिझेल इंजिन स्वतःच्या हातानं बसवलेलं! ते सुरू झालं की गल्लीतल्या बाया वाळत घातलेले कपडे ओढत घरात पळायच्या. पण गल्लीचा गणपती आपल्या गाडीतून न्यायचा आणि स्टिअरिंगवर आपण बसायचं, ही तुकोजीची लहानपणापासूनची हौस. मंडळाचे अप्पासाहेब म्हणाले, "आधी पासिंगचा कागद आण, मग बस!"

पासिंगचे दिघेसाहेब सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरून धूर तपासत. तपासणीचं मैदान होतं उताराच्या पायथ्याशी. तुकोजीनं वरच इंजिन बंद केलं, ब्रेक सोडला आणि ट्रक घरंगळत थेट साहेबांपुढे आणून उभा केला. आजूबाजूला इतके ट्रक घरघरत होते, की कुणाला काय कळतंय! रुमाल पांढराशुभ्र राहिला.

"कमाल आहे तुकोजी!" साहेब गहिवरले. "जुन्या गाडीची इतकी निगा? विसर्जनाला मी तुमच्या ट्रकच्या मागोमाग चालणार!"

झालं! अनंत चतुर्दशीला साहेब हजर. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरं धोतर, आणि उभे कुठे? नेमके सायलेन्सरच्या तोंडाशी! गाडीत बाप्पा, पुढे ढोल, आणि स्टिअरिंगवर घामानं निथळणारा तुकोजी.

"अहो, सुरू करा ना!" खालून द्वारकाबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणाली.

"करतो गं! पण साहेबांचा कोळसा होईल त्याचं काय?"

"मग ढकला!"

तुकोजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तो टपावर चढून ओरडला, "अरे भिया लोक! बाप्पाला काय इंजिनानं नेता? लाज वाटते की नाही! दोर आणा, हातानं ओढू!"

काय सांगू! अख्खी गल्ली पेटली. हमाल आले, हलवाई आले, म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही दोराला हात लावला. साहेबांनी तर धोतर खोचून पहिला नंबर लावला! सियागंजातून राजवाड्यापर्यंत ट्रक माणसांनी ओढत नेला. तेव्हाची माणसंच तशी होती. हाक मारायचा अवकाश, हातातलं काम टाकून धावायची. आता तसली मिरवणूक होणे नाही, आठवलं की जीव हळहळतो.

साहेबांना फसवल्याची तुकोजीलाही लाज वाटली. त्यानं वर्षभर पोटाला चिमटा काढला, इंजिन उघडलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. धुराचा पत्ता नाही, या वेळी खरोखरच! पुढच्या चतुर्दशीला तो ऐटीत बसला आणि सेल्फ मारणार, तोच अप्पासाहेबांनी त्याचा हात धरला.

"हां हां! इंजिन नाही लावायचं. आपली परंपरा आहे, हातानं ओढायची."

"परंपरा? अहो, गेल्याच वर्षी तर..."

"परंपरा म्हणजे परंपरा! दोर आणा रे!"

तेव्हापासून म्हातारा होईतो तुकोजीच बाप्पाचा ड्रायव्हर. फक्त ब्रेक मारण्यापुरता!