शीतगड राखिला त्याची हकीकत

आदौ गजाननास नमन करून, मग वीज मंडळास नमन करून, कारण त्याचा कोप जाहला तर या बखरीतील सारा ऐवज घटकेत वितळेल, लिहिणे ऐसे की, शके १९४७ विश्वावसु संवत्सरे, माघमासी, सांगली मुक्कामी जी मोहीम जाहली ती यथास्थित कलमी करावी अशी आज्ञा कोणी केली नाही. तरी लिहितो. कारण मागाहून जो तो छाती काढून म्हणेल की मसलत माझीच, आणि ज्याची मसलत तो चहा पिऊन कडेगावच्या एसटीत बसलेला असेल. बखरकार खुद्द गोपाळकृष्णपंत, विभागाचे वरिष्ठ लिपिक, शिक्क्याचे धनी, सेवानिवृत्तीस चौदा महिने बाकी. पदरचे अक्षर घालणार नाही, घातले तर सांगून घालीन.

सांगली प्रांती एक वैद्यकशाळा आहे. तेथे राजमान्य राजश्री डॉक्टर विनोदिनीबाईसाहेब, विषविद्याधुरंधर, मूळच्या सातारच्या आणि म्हणून एकदा धरिलेले न सोडणाऱ्या, यांनी चार वर्षांमागे मसलत मांडिली की, उसाच्या फडात घोणस चावून जी माणसे वाचतात त्यांची मूत्रपिंडे पुढे टिकतात की आतल्या आत खचत जातात, याचा तलास लावावा. दिल्ली दरबाराने ती मंजूर केली आणि सालोसाल अनुदानाची नेमणूक करून दिली. मग बाईसाहेबांची स्वारी कडेगाव, रहिमतपूर, थेट मेढ्याच्या डोंगरापावेतो गेली आणि चारशे बारा असामींचे रक्त बर्फाच्या डब्यांतून आणविले आणि उणे ऐंशी अंशांच्या पेटीत ठेविले. त्या पेटीस या बखरीत शीतगड म्हणावे.

रक्त सुखासुखी मिळाले ऐसे नव्हे. रहिमतपुरी आवई उठली की बाई रक्त नेऊन विकतात. कडेगावी तर स्वारीची धूळ दिसताच लोक उसात गडप होऊ लागले. तेव्हा आकारामबापू आणि त्यांचे धाकटे बंधू तात्याबा, दोघेही घोणशीचा प्रसाद घेतलेले, चावडीसमोर खुर्च्या टाकून बसले आणि बाह्या सरसाविल्या, आणि तात्याबा सर्वांदेखत म्हणाले की घोणशीनं चावताना इचारलं न्हवतं, ही बाई इचारून टोचतीया, मग भ्यायचं कशाला. मग गाव रांगेने आला.

आता संकट कैसे आले ते सांगतो. दरबारास योजनांची नावे पालटण्याचा भारी शौक. दोन योजनांची एक जाहली, मग त्या एकीच्या तीन जाहल्या, मग तिघी तीन खात्यांत नांदावयास गेल्या, आणि कोणती कोठे गेली याचा पत्ता त्यांच्या माहेरीही नाही. बाईसाहेबांनी भिंतीवर गजभर तक्ता लाविला आणि दर सोमवारी मंजुरीच्या यादीत काय पालटले ते लाल शाईने मांडू लागल्या. कार्तिकात आमचा क्रमांक यादीत होता. मार्गशीर्षात होता. पौषात पाहावे तो नाही. मग गोपाळकृष्णपंत रोज दहाच्या ठोक्यास दरबारच्या संकेतस्थळाच्या वेशीवर उभे राहू लागले, आणि वेशीवर एक चक्र गरगर फिरत राही, आत घेईना की हाकलून देईना. दिल्लीस फोन लाविला तर तेथील अंमलदार म्हणे प्रक्रिया सुरू आहे, आणि कसली ते पुसता दुसऱ्यास जोडून देई, आणि दुसरा जेवावयास गेलेला असे. मेला दिवसातून चार वेळ जेवत असावा. (हे पदरचे.)

इकडे अधिष्ठाते सौमित्रराव, शाळेचे सरसेनापती, माणूस वाईट नव्हे परंतु खोल्यांच्या बाबतीत हावरा, यांनी फर्मान काढिले की, शुक्रवारी सायंकाळी पाचपावेतो मंजुरीचा कागद दाखवावा, न दाखविल्यास शीतगड रिता करावा, आतील नमुने नियमाप्रमाणे नष्ट करावे आणि खोली नव्या यंत्रास द्यावी. बाईसाहेबांनी फर्मान वाचिले आणि घडी करून पर्समध्ये ठेविले. मग ज्यांचे रक्त त्यांस कळविणे हा धर्म, म्हणून एकेकास फोन करू लागल्या, आणि चौथ्या फोनाला त्यांचा आवाज बसला. विचारिले तर म्हणाल्या, सर्दी आहे.

शुक्रवारी दोन प्रहरी आकारामबापू दाखल जाहले. समागमे कबिला बनुबाई, आणि बनुबाईंच्या हाती काकवीचा डबा. म्हणाले, आमचा गड दाखवा. तो नेमके सौमित्रराव फीत घेऊन खोली मोजावयास आलेले. त्यांनी बापूंची समजूत काढिली की एवढे जिवास लावून घेऊ नये, पुढे अनुदान आले म्हणजे रक्त नव्याने घेता येईल. बापूंनी डोईची टोपी काढिली.

"सायेब, माझं पुन्यांदा काढा, लागंल तेवढं काढा. तात्याबाचं कुठनं काढशीला? त्येला जाऊन वरीस झालं. किडन्या गेल्या त्येच्या."

सौमित्ररावांनी फीत गुंडाळिली, परंतु फर्मान ते फर्मान. भिंतीवरील घड्याळाकडे बोट करून ते निघून गेले. बाईसाहेब तक्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बखरकारास त्या समयी काय वाटले ते लिहीत नाही, चष्मा पुसावा लागला एवढे खरे.

मग बापूंनी तक्ता न्याहाळिला आणि ही रांगोळी कसली म्हणून पुसिले. बाईसाहेबांनी सर्व मजकूर निवेदन केला, की यादी पालटते, नोंद हरवली आहे, दीड महिना शोधितो आहो. हे ऐकून बापू चक्क हसले. चाळीस वर्षे साखर कारखान्याकडून ऊसतोडीची चिठ्ठी मिळविलेला माणूस, त्यास यादी काय भेडसावणार? त्यांनी सांगितले की नऊ वर्षांमागे त्यांच्या उसाच्या लागणीची, म्हणजे लागवडीची, नोंद कारखान्याच्या गट ऑफिसाच्या यादीतून अशीच नाहीशी जाहली, आणि ते पंधरा दिवस आपलेच नाव हुडकीत राहिले, आणि इकडे तोड लांबून उसास तुरे आले. मग एके सकाळी बांधापलीकडे तात्याबाच्या रानात तोडीची टोळी उतरलेली दिसली. पुसता कळले की बांधालगतच्या साऱ्या नोंदी उचलून शेजारच्या गटाच्या यादीत टाकिल्या होत्या, आणि बापूंची नोंद तेथे तात्याबाच्या खालीच सुखरूप बसली होती.

"आवं बाई, आपली नोंद हुडकत बसायचं न्हाई. बांधाला कोण हाय ते बघायचं. त्येचा ऊस जिथं गेला, तिथंच आपलाबी."

बाईसाहेबांनी झटकन मार्गशीर्षातील यादी काढविली. आमच्या वरती श्वानदंशाचा तलास लावणारे कोणी होते, आणि खालती विंचवाचा. बापू म्हणाले, आदी कुत्रं, मग साप, मग विंचू, शेजार ब्येस हाय. मग गोपाळकृष्णपंतांनी आमचा क्रमांक सोडिला आणि विंचवाच्या मागावर निघाले, आणि विंचू सापडला दुसऱ्याच खात्यात, तीन ओळी लांब नावाच्या नव्या योजनेत. त्याच्या वरती पाहिले तो आम्ही, आणि आमच्या वरती कुत्रे. शेरा होता: मंजुरी कायम, स्वीकारपत्र आज सायंकाळी पाचपूर्वी दाखल करावे, न केल्यास नोंद रद्द. घड्याळात तीन चाळीस. पंतांनी त्रेचाळीस दिवस आपलाच क्रमांक हुडकिला, ही गोष्ट दडविता आली असती, परंतु बखर ती बखर.

मग जे रण माजले त्यास तोड नाही. बाईसाहेबांनी पत्र सांगितले आणि पंतांनी टंकिले, आणि छपाईयंत्राने ऐनवेळी कागद चावला, आणि तो ओढून काढिला, आणि पत्र घेऊन बाईसाहेब दोन जिने धावल्या. सौमित्रराव नव्या यंत्राच्या विक्रेत्यासमवेत चहा घेत होते. त्यांनी पत्र वाचिले, कप खाली ठेविला आणि उभ्या उभ्या सही केली. पंतांनी शिक्का ऐसा हाणिला की टेबल हालले. मग पत्र दरबारी लोटिले, तो दरबार म्हणे कागद थोर आहे, लहान करून आणा. लहान केला तर म्हणे अस्पष्ट आहे. तिसऱ्या हल्ल्यास वेशीवरचे चक्र फिरू लागले. बनुबाईंनी पडद्यास हात जोडून विनविले, घे गं बाई आत, लय लांबनं आलोय. चार वाजून बावन्न मिनिटांनी हिरवी अक्षरे उमटली: स्वीकारले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. फर्मान मागे घेतल्याचा कागद सौमित्ररावांनी स्वतः आणून दिला. नव्या यंत्रास जिन्याखालची जागा नेमून दिली. काकवी सर्वांनी बोटांनी खाल्ली, सरसेनापतींनी दोनदा. बापूंनी सत्कार, शाल, काही मागितले नाही. शीतगडाच्या झाकणावर पालथा हात ठेविला आणि हळूच म्हणाले, "तात्याबा, घावली रं नोंद."

मग साडेपाचची एसटी गाठावयाची म्हणून उभयता निघाली. मागे बाईसाहेबांनी तक्त्यावर लाल शाईने तारीख मांडिली, जुनी यादी, नवी यादी, आणि शोध कोणी लाविला या रकान्यात, पंतांकडे न पाहता, दोन नावे लिहिली: आकाराम, मुक्काम कडेगाव, आणि तात्याबा, बांधशेजारी, मुक्काम शीतगड. मृत असामीचे नाव चालू तक्त्यात घालणे नियमात बसत नाही. गोपाळकृष्णपंतांनी नियम ठाऊक असून जाणूनबुजून त्याखाली शिक्का मारिला.