राणी रंगाचा ताप

"आज रंग पास होणार म्हणजे होणारच!" सूनबाईने सकाळी आरशातल्या स्वतःला बजावलं. तोंडात टूथब्रश असल्यामुळे बाहेर फक्त फेस आणि "ओणाव!" एवढंच आलं, पण निर्धार पक्का होता.

घरात ती सूनबाई असली तरी धंद्याने वेब डिझायनर. नोकरी सोडून स्वतःचं काम नुकतंच सुरू केलेलं, आणि हाताला लागलेलं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे कव्हरशेठ. मोबाइलची नटवी कव्हरं विकून विकून त्यांना हेच नाव पडलं होतं. खड्यांची कव्हरं, लोकरीची कव्हरं, फोन गळ्यात अडकवायचे गोफ, फोनच्या पाठीला चिकटवायच्या अंगठ्या, फोन उभा करायचे स्टँड... हे सगळं आता वेबसाइटवरून विकायचं होतं. वेबसाइट तयार होती. गाडं अडलं होतं ते रंगापाशी!

निळा दाखवला तर शेठ म्हणाले, "ह्याला झोप लागलीय हो!"

हिरवा दाखवला. "हा दवाखान्यात नोकरीला आहे का?"

केशरी दाखवला. "नको, हा अंगावर येतो."

"मग शेठ, तुम्हाला हवा तरी कसा?"

"बघताक्षणी माणसाचा हात पाकिटाकडे गेला पाहिजे!"

सूनबाईचा हात त्या वेळी शेठच्या गळ्याकडे निघाला होता, पण व्हिडिओ कॉल असल्यामुळे पोचला नाही.

शेवटी शेठनी निर्वाणीचं सांगितलं, "उद्या आमची आई बसणार आहे मीटिंगला. दुकान तिचंच. ती हो म्हणाली तर काम तुमचं. नाही म्हणाली तर... माझा मेहुणापण करतो वेबसाइटी!"

मेहुण्याचं नाव ऐकून सूनबाईने तडकाफडकी एक यंत्र मागवलं. बोटापेक्षा जरासं लांब, पांढरं, टोकाला काच, पोटावर एवढासा पडदा. कुठल्याही वस्तूला टेकवलं की "टीं!" करायचं, आपल्याच दिव्याच्या उजेडात तिचा रंग ओळखायचं, पडद्यावर त्या रंगाचा आकड्या-अक्षरांचा नंबर दाखवायचं आणि तोच रंग बिनतारी, थेट वेबसाइटला चढवायचं! बेत असा होता, की शेठच्या आईने दुकानातल्या कुठल्याही कव्हरावर बोट ठेवायचं. तेच कव्हर सूनबाईने नमुन्यांच्या खोक्यातून काढून त्याला यंत्र टेकवायचं. आणि शेठच्या दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर वेबसाइट त्याच रंगात न्हाऊन निघायची. आईसाहेब गार! मेहुणा गारद!

नवरा कामावर गेला होता, म्हणून परीक्षकाची जागा सासरेबुवांना मिळाली. सासरेबुवा निवृत्त हेडमास्तर. आवाज असा, की मैदानाच्या पलीकडचं पोरगंसुद्धा सावधान व्हायचं. सूनबाईने त्यांचा फोन शेठनी पाठवलेल्या सोनेरी स्टँडवर उभा केला आणि वेबसाइट उघडून दिली.

"बाबा, तुम्ही इथे बाहेर बसून नुसतं बघायचं. काही बिघडलं की लगेच ओरडा. चारशेचार आकडा दिसला तर समजायचं, पान सापडत नाहीये."

"मी असताना पान कुठे जातंय!" सासरेबुवा म्हणाले.

सूनबाई आतल्या खोलीत गेली, दार लावलं, कॉल जोडला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की यंत्र बाहेर फ्रिजशेजारी चार्जिंगला लावलेलं, तिथेच राहिलं!

पण समोर पडद्यावर आईसाहेब येऊन बसल्या होत्या. कपाळाला आठ्या अशा, की साडीला निऱ्या असाव्यात. उठायची सोय नव्हती.

"नमस्कार!" सूनबाई गोड हसली. "सुरुवातीला आपण हा शांत निळसर रंग पाहू या."

इकडे बाहेर सासूबाई शिंकल्या.

एकदा नाही, लागोपाठ. सासूबाई सोफ्यावर बसून, गळ्यात शेठच्या खोक्यातला मोत्यांचा गोफ आणि गोफाला फोन, अशा थाटात मैत्रिणीला निरोप पाठवत होत्या. अंगात त्यांचा लाडका राणी रंगाचा गाऊन. शिंका आवरून म्हणाल्या, "अहो, अंग जरा कसकसतंय."

झालं! सासरेबुवांनी परीक्षकाची खुर्ची सोडली आणि तापमापक शोधायला लागले. कपाट झालं, ड्रॉवर झाले, आणि फ्रिजशेजारी बघतात तर काय! नवं कोरं, पांढरंशुभ्र, चार्जिंगला लावून ठेवलेलं!

"बघ, सूनबाईने नवीन आणलंय. बोलली नाही पोरगी!" सासरेबुवांना भरून आलं. हेडमास्तर माणूस, आधी प्रयोग स्वतःवर! त्यांनी यंत्र तळहाताला टेकवलं.

टीं!

पडद्यावर उमटलं, बी अठ्ठ्याण्णव ए बासष्ट.

"बी म्हणजे बॉडी! अठ्ठ्याण्णव, एकदम नॉर्मल!" सासरेबुवा खूश. "आणि ए बासष्ट? ए म्हणजे एज! अगं, मला बहात्तर पूर्ण झाली, पण यंत्राला मी बासष्टचाच वाटतो!"

"यंत्राला चष्मा लावा," सासूबाई म्हणाल्या.

आत सूनबाई निळ्या रंगाचे गुण गात होती, तेवढ्यात अख्खी वेबसाइट गव्हाळ तपकिरी झाली.

"अहो, हे काय?" शेठ ओरडले. "दुकान मळलं!"

"हा... हा एक पर्याय आहे," सूनबाई घाम पुसत म्हणाली. "माणसाच्या जवळचा वाटावा असा."

"जवळचा कसला, चार दिवस न आंघोळलेला दिसतोय," आईसाहेबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

बाहेर सासरेबुवा म्हणाले, "हं, धर काखेत."

"गाऊनची बटणं उघडत बसू का आता? वरूनच धरते."

"धर. आधुनिक यंत्र आहे, त्याला कळेल."

टीं!

सासरेबुवांनी पडदा वाचला आणि त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा पडला. एफ एकशेचार नऊ सी!

"अगं... फॅरनहाइट एकशेचार! आणि सेल्सिअस नऊ! म्हणजे ताप आणि हुडहुडी एकदम!"

"मला तर इतकं काही वाटत नाहीये."

"एकशेचार तापात माणसाला काही वाटतच नाही! पडून राहा!" आणि मग मैदानाच्या पलीकडे जाणाऱ्या आवाजात त्यांनी आरोळी ठोकली, "सूनबाईऽऽ! एकशेचाऽऽर!"

आत वेबसाइट झगझगीत राणी रंगाची झाली होती. शेठचा चेहरासुद्धा टीव्हीच्या उजेडात गुलाबी दिसत होता. सूनबाई बोलणार तेवढ्यात बंद दाराआडून आरोळी आली, आणि तिला ऐकू आलं, "चारशेचार!"

पान सापडत नाही! माइक हाताने झाकून ती ओरडली, "बाबा, रिफ्रेश करा! रिफ्रेश!"

सासरेबुवांनी हुकूम मानला. गार पाण्याची बादली आणली आणि सासूबाईंना रिफ्रेश करायला सुरुवात केली. तोंडावर पाणी, मानेवर पाणी, गाऊनवर पाणी!

"अहो, काय करताय! बुडवताय का मला!"

"सूनबाईनेच सांगितलंय!"

एका हाताने पाणी मारत दुसऱ्या हाताने त्यांनी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, एफ एकशेचार, नऊ सी! हो, हो, तेच! एफ एकशेचार, नऊ सी!" मग लेकीला लावला. तिलाही तेच. मग सासूबाईंच्या बहिणीला. पाढे म्हणावेत तसा आकडा पाठ झाला.

आत सूनबाईने वेबसाइट वाचवायला दिसेल ते बटण दाबलं होतं. "सगळं पुसून नव्याने सुरू करू का?" असं लॅपटॉपने विचारलं आणि तिने "हो" म्हणून टाकलं. आतापर्यंतच्या रंगांची सगळी नोंद क्षणात साफ! पडद्यावर तेवढा राणी रंग तसाच उरला.

आणि तिकडे चमत्कार घडला होता. आईसाहेबांच्या आठ्या सुटल्या होत्या!

"हाच," त्या म्हणाल्या. "ह्याच्यात जीव आहे. वर एक पट्टी ठेवा पांढरी, नाव लिहायला. की झालं."

"आई, नक्की?" शेठ चाट पडले.

"नक्की! वर पट्टी ठेवा!"

लॅपटॉपमधून आलेला तो ठणठणीत आवाज दारापलीकडे गेला. "ऐकलंस?" सासरेबुवा सासूबाईंना म्हणाले. "त्यासुद्धा सांगताहेत, पट्टी ठेवा!" आणि त्यांनी ओला नॅपकिन घडी करून सासूबाईंच्या कपाळावर थापला.

सूनबाई "थँक यू" म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात बाहेरून सासरेबुवांचा आवाज आला. पण हा हेडमास्तरांचा आवाज नव्हता. बारीक, फाटलेला, घाबरलेला होता. "सूनबाई, रिफ्रेश केलं गं... पण हिचे दात वाजायला लागलेत! एकशेचार ताप आहे! ये ना गं बाहेर!"

काम हातात आलेलं होतं. पक्कं म्हणायला फक्त एक वाक्य बाकी होतं. सूनबाईने ते वाक्य तसंच टाकलं, खुर्ची पाडली आणि दार उघडून धावली.

"आई!"

सोफ्यावर सासूबाई चिंब बसल्या होत्या. कपाळावर पट्टी, गळ्यात मोत्यांचा गोफ, ओल्या गाऊनला चिकटलेले हात. शेजारी सासरेबुवा बादली धरून उभे. सूनबाईने पट्टी सरकवून सासूबाईंच्या कपाळाला हात लावला. बर्फासारखं गार!

"ताप कुठाय?"

"हा काय!" सासरेबुवांनी यंत्र पुढे केलं. "काखेत लावलं होतं!"

सूनबाईने यंत्र हातात घेऊन बघितलं. सासूबाईंच्या गाऊनकडे बघितलं. आतून येणाऱ्या राणी रंगाच्या उजेडाकडे बघितलं. आणि हसावं की रडावं, तिचं तिलाच कळेना!

"बाबा... हे तापमापक नाहीये हो! हे रंग ओळखायचं यंत्र आहे! तुम्ही आईंच्या गाऊनचा रंग मोजलात!"

"पण मग बासष्ट?" सासरेबुवांनी कळवळून विचारलं. "माझं वय?"

उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. डॉक्टर आले होते, धापा टाकत, कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र कोटात. "एकशेचार कुणाला?" म्हणत त्यांनी सूनबाईच्या हातातलं यंत्र सवयीनं उचललं आणि वरच्या खिशात उलटं खोचलं.

टीं!

आतल्या खोलीतून किंकाळी आली. "ओ बाई! दुकान कुठे गेलं?"

पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं! अख्खी वेबसाइट गायब झाली होती. सूनबाई आत धावली. आईसाहेब टीव्हीच्या काचेला नाक लावून शोधत होत्या. "तो रंग कुठाय? मला तोच पाहिजे! दुसरा नको!"

"आत्ता आणते!" सूनबाई म्हणाली आणि तिला आठवलं, नोंद तर आपणच पुसली! ती यंत्र घ्यायला पुन्हा बाहेर धावली, डॉक्टरांच्या खिशातून ते उपसलं, सासूबाईंच्या गाऊनला टेकवलं. टीं! पण गाऊन ओला. आला तो वांग्यासारखा काळपट जांभळा.

"हा नव्हे!" आतून आईसाहेब कडाडल्या. "ह्याला कुणी मारलंय का?"

"शेठ, मेहुण्याला फोन लावू का?" असा दुकानातल्या कुणाचा तरी आगाऊ आवाजही आला.

"बाबा!" सूनबाई ओरडली. "आकडा काय होता?"

सासरेबुवा ताठ उभे राहिले. बादली खाली ठेवली. हेडमास्तरांचा आवाज परत आला होता. "एफ! एक, शून्य, चार! नऊ! सी!"

सूनबाईने जाऊन टाइप केलं. आणि मग वेबसाइट, टीव्ही, शेठ, आईसाहेब, सगळे पुन्हा राणी रंगात उजळले!

"हाच!" आईसाहेब म्हणाल्या. "आता हात लावू नका कुणी. काम तुमचं. आणि हे बघा, तुमच्या सासूबाईंना आल्याचा काढा द्या. मघापासून ऐकतेय मी सगळं, जीव टांगणीला लागलाय माझा!"

माइक सुरूच होता!

डॉक्टरांनी खरं तापमापक लावलं. साडेअठ्ठ्याण्णव. "ताप नाही. सर्दी होईल मात्र," ते म्हणाले. "गार पाण्यात कुणी भिजवलं यांना?" सासरेबुवा खिडकीबाहेर बघायला लागले. संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःच्या हाताने सासूबाईंना तीनदा चहा करून दिला, आणि तिन्ही वेळा यंत्राला मी बासष्टचा कसा काय वाटलो, हा विषय काढला.

पुढच्या आठवड्यात वेबसाइट लोकांसाठी खुली झाली. कव्हरं धडाधड जायला लागली, शेठचा "बघताक्षणी हात पाकिटाकडे!" असा निरोप आला. सूनबाईने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप सासूबाईंपुढे नेला. त्या दिवशीच्या गडबडीत गाऊनचाच रंग वेबसाइटला चढलाय हे सासूबाईंच्या ध्यानात आलं नव्हतं, आणि सूनबाईनेही मुद्दामच सांगितलं नव्हतं. त्या आपणहून ओळखतील, हरखून जातील, अशी तिची अटकळ.

सासूबाई वाळवून इस्त्री केलेल्या त्याच गाऊनमध्ये बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सगळं निगुतीने पाहिलं. स्टँड पाहिले, अंगठ्या पाहिल्या, गोफ पाहिले.

"छान झालंय गं सगळं," त्या म्हणाल्या. "रंग तेवढा बदल. इतका भडक कुणाला आवडतो? बघूनच ताप चढतो!"

"बघते हं, आई," सूनबाई म्हणाली. "शेठना विचारून सांगते."